तुमचा माइक चालू राहिलाय

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिलं होतं, 'ओळखीच्यांत माइक चालू, अनोळखी लोकांत बंद. याहून जास्त डोकं चालवू नका.' त्या दोन वाक्यांवर आलेल्या पत्रांचा ढीग बघून वाटलं, मीच जरा जास्त डोकं चालवायला हवं होतं. कोणी झापलंय, कोणी आभार मानलेत, बाकीच्यांनी प्रश्न विचारलेत. म्हणून या वेळचा सगळा रकाना कन्सोलवरच्या (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रावरच्या) व्हॉइस चॅटला, म्हणजे खेळताखेळता माइकवर चालणाऱ्या बोलण्याला दिलाय.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख: दिवसा मी ध्वनिमुद्रणाचं काम करते, रात्री कंट्रोलर हातात घेते. दर शुक्रवारी रात्री आम्ही चौघं कन्सोलवरच्या एका पार्टीत, म्हणजे बोलावलेल्यांपुरत्या चॅटमध्ये भेटतो, त्याला अकरा वर्षं झाली. त्यातल्या एकाचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. त्याचा पंखा मात्र हजार पंख्यांत ओळखेन. दर फेऱ्याला खर्रर्र करतो, आणि तेल घाल म्हणून सांगून आम्ही तिघंही थकलो.

ताई, माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. हेडसेट लावला की आम्हाला एकच बाजू ऐकू येते: 'मागे आहे, मागे आहे, उचल मला!' मध्येच एकदम गप्प होतो, चेहरा उतरतो. विचारलं तर 'काही नाही गं.' मला वाटतं, माइकच काढून घ्यावा. तो म्हणतो, मग वर्गातले कोणी मला खेळायला घेणार नाहीत. — एक आई

दोघांचंही बरोबर आहे, कारण व्हॉइस चॅट या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी नांदतात. एक गेममधलं चॅट: त्या सामन्यात यंत्राने ज्यांना एकत्र आणून टाकलं, ते सगळे तुमच्या मुलाच्या कानात. दुसरी पार्टी: त्याने स्वतः ज्यांना बोलावलं तेवढेच. वर्गातल्या मित्रांसाठी त्याला पार्टी पुरते. गेममधलं चॅट आज बंद केलंत तरी त्याचं काही अडणार नाही.

हा फरक पूर्वी नव्हता. नोव्हेंबर २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह, म्हणजे एक्सबॉक्स कन्सोलवर ऑनलाइन खेळायची सेवा, सुरू झालं तेव्हा सुरुवातीच्या संचात हेडसेट यायचा, आणि भेटेल त्याच्याशी बोलायचं हीच नवलाई होती. एक्सबॉक्स ३६० वर पार्टीची सोय आली ती २००८ च्या नोव्हेंबरात. आठ जण, मग कोणी कुठला का गेम खेळत असेना, आपसात गप्पा मारू शकायचे. मी तेव्हा खेळत होते, त्यामुळे पुढचं डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत घडलं. शहाणी माणसं एकेक करून पार्टीत गेली आणि उघड्या लॉबीत, म्हणजे अनोळखी खेळाडू सामन्यासाठी जमतात तिथे, ज्यांना घरी कोणी ऐकून घेत नाही असे लोक उरले. (हे जरा कडवट झालं. पुढे एका वाचकाने गेल्या अंकातल्या सल्ल्यावरून माझे कान धरलेत, तेही छापलंय.)

आता कामाचं. मुलाचं खातं कोणत्या जन्मतारखेने उघडलंय ते आधी बघा. बऱ्याच घरांत घाईघाईत आईचं किंवा बाबांचं जन्मवर्ष टाकलेलं असतं, आणि मग कन्सोल त्या अकरा वर्षांच्या मुलाला चाळीस वर्षांचा गृहस्थ समजून वागवतं. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्हींवर मुलांच्या खात्याला कोणाशी बोलता येईल यावर पालकांना मर्यादा घालता येते. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या स्विच २ वर सोळा वर्षांखालच्यांचं गेमचॅट पालकाने फोनवरच्या अ‍ॅपमधून परवानगी दिल्याखेरीज सुरूच होत नाही. वेष्टणावरच्या वयाच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. तो आकडा गेममध्ये काय आहे ते सांगतो. गेममध्ये कोण भेटेल ते नाही. अमेरिकेतली ईएसआरबी ही मानांकन संस्था तर ऑनलाइन संवादाचं मानांकन आपण करत नाही, असं स्पष्ट लिहिते.

तुम्ही अतिकाळजी करताय असं कोणी म्हणालं, तर त्यांना फोर्टनाइट या गेमची गोष्ट सांगा. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तो बनवणाऱ्या एपिक गेम्सला मुलांच्या माहितीसंबंधीच्या कायद्याखाली साडेसत्तावीस कोटी डॉलरचा दंड भरायला लावला. आणखी एक अट घातली: लहान आणि किशोरवयीन खेळाडूंचं व्हॉइस चॅट मुळात बंदच असायला हवं. चालू करायचं असेल तर ते कोणीतरी जाणूनबुजून करायचं. तोवर उलटं होतं. पोर गेममध्ये शिरलं की माइक आपोआप उघडा.

पण तुमच्या पत्रातलं मला टोचलं ते वाक्य वेगळं आहे. 'मध्येच गप्प होतो, चेहरा उतरतो.' हे अनोळखी माणसामुळेच होतं असं धरून चालू नका. वर्गातली पोरंही पार्टीत एकेकाला कोपऱ्यात घेतात, आणि त्यावर कुठल्याही सेटिंगचा इलाज नाही. त्याला सांगूनसवरून एक करा: आठवड्यातून अर्धा तास हेडसेट बाजूला ठेवून आवाज टीव्हीच्या स्पीकरवर घ्या. तुम्ही तुमचं काम करत त्याच खोलीत बसा. मित्रांनाही कळू दे की खोलीत मोठं माणूस आहे. चोरून ऐकू नका. एकदा कळलं की पुढची सहा वर्षं 'काही नाही गं' एवढंच ऐकायला मिळेल.

मी बावीस वर्षांची आहे. नेमबाजीचे गेम खेळते आणि बरी खेळते. माइकवर तोंड उघडलं की 'अरे, मुलगी आहे' इथून सुरू होतं आणि मग शिव्या, घाण प्रश्न, नाहीतर लाडीगोडी. बंद ठेवलं तर टीमला माहिती देता येत नाही आणि हरतो. आवाज बदलणारं सॉफ्टवेअर वापरू का? — जिन्याखालची

तुमच्या टोपणनावाने मला माझा जिना आठवला. एका सामन्यात मी फक्त एवढंच म्हटलं, 'डावीकडच्या जिन्यावर दोघं आहेत.' दोघं खरंच जिन्यावर होते. तिकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. पुढची सहा मिनिटं माझ्या आवाजावर परिसंवाद झाला: वय काय असेल, हिला खेळायला कोणी बसवलं, नवऱ्याचा कंट्रोलर का. आम्ही हरलो, आणि त्या जिन्यावरच्या दोघांनीच हरवलं. त्यानंतर चार वर्षं मी अनोळखी लॉबीत एक अक्षर बोलले नाही. गेल्या अंकातलं माझं ते फटकळ वाक्य त्या चार वर्षांतून आलेलं आहे.

हे तुमच्या-माझ्या मनाचे खेळ नाहीत. जेफ्री कुझनेकॉफ आणि लिंडसे रोझ या दोन संशोधकांनी हॅलो ३ या गेममध्ये हे मोजून पाहिलं. काही सामन्यांत आधी ध्वनिमुद्रित केलेला पुरुषाचा आवाज, काहींत स्त्रीचा, काहींत काहीच नाही. निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले: स्त्रीच्या आवाजाला पुरुषी आवाजाच्या किंवा गप्प राहण्याच्या तिप्पट वाईट शेरे मिळाले. पुढे २०१५ मध्ये कुझनेकॉफ आणि मायकल कासुमोविच यांनी त्याच सामन्यांतून आणखी एक गोष्ट काढली, आणि ती मी आरशावर चिकटवून ठेवावी इतकी मला आवडते. बाईच्या आवाजावर जास्त खेकसत होते ते कमी कौशल्याचे खेळाडू. चांगले खेळणारे तिच्याशी उलट बरं वागत होते. म्हणजे पुढच्या वेळी कोणी भुंकला की त्याचा स्कोअर बघा. तुमची करमणूक तरी होईल.

आता क्रम. आधी म्यूट, मग तक्रार. वाद घालायचाच नाही, कारण त्यांना नेमकं तेच हवं असतं. तक्रारीचा उपयोग होतो का? पूर्वी फारसा होत नसे, कारण पुरावाच नसायचा. बोललेलं हवेत विरून जायचं. आता प्लेस्टेशन ५ वर पार्टीतली शेवटची पाच मिनिटं मागे वळून ऐकता येतात आणि त्यातला चाळीस सेकंदांपर्यंतचा तुकडा तक्रारीला जोडता येतो. एक्सबॉक्सवर जुलै २०२३ पासून गेममधल्या चॅटची साठ सेकंदांची क्लिप पकडता येते. ती चोवीस तास राहते, म्हणजे सामना संपवून, पाणी पिऊन, शांत डोक्याने पाठवता येते. कॉल ऑफ ड्यूटी या नेमबाजीच्या गेममध्ये २०२३ पासून टॉक्समॉड नावाचं सॉफ्टवेअर बोलणं ऐकून गैरप्रकार हुडकतं. शिक्षा ते देत नाही, फक्त बोट दाखवतं. निर्णय कंपनी घेते. सुरुवातीला त्याला इंग्रजीच कळायचं, आणि शिमगा तर जगातल्या प्रत्येक भाषेत चालतो.

आवाज बदलण्याची कल्पना जुनी आहे. पहिल्या एक्सबॉक्सवरच आवाजाला मुखवटा चढवायची सोय होती. ध्वनिमुद्रणवाली म्हणून सांगते: आवाज जितका ओढाल-ताणाल तितकी व्यंजनं गिचमिडतात. 'डावीकडे' ऐकू आलं की 'आडवीकडे' हे त्या क्षणी कळलं नाही तर माहिती देऊन उपयोग काय? एखाद्या वाईट संध्याकाळी वापरा, मी नावं ठेवणार नाही. पण त्याहून गुणाचा उपाय सांगते, ज्याने माझी चार वर्षं संपली. एकटी जाऊ नका. कोणीही एक ओळखीचं माणूस टीममध्ये असू द्या आणि तुम्ही बोललात की त्याने लगेच म्हणायचं, 'बरोबर, जिन्यावर दोघं.' बस. एवढ्या तीन शब्दांनी विषय तुमच्यावरून जिन्यावर जातो. माझ्या बाबतीत हे शब्द खर्रर्र पंख्यातून आले होते.

पुरुष वाचकांनो, हे तुम्हालाही फुकटात करता येतं.

मित्र म्हणतो, व्हॉइस चॅट चालू केलं की गेम अडकतो. खरं आहे का? शिवाय आम्ही पाच जण असतो. मला तिघं ऐकू येतात, चौथा नाही. त्यालाही मी सोडून बाकी सगळे ऐकू येतात. भांडण तर झालेलं नाही! — पाचवा

बोलणं फार हलकं असतं हो. ऑपस नावाचा ध्वनी आवळणारा कोडेक २०१२ मध्ये प्रमाणित झाला आणि आज तो जागोजागी वापरला जातो. सेकंदाला ३२ किलोबिटमध्ये तो बोलणं स्वच्छ पोचवतो. हिशेब करा: सेकंदाला ४ किलोबाइट, तासाला साडेचौदा एमबीच्या आसपास. प्रत्येक पॅकेटवर पत्ता-बित्ता लिहायचा खर्च धरला तरी तासाला वीस-बावीस. एवढ्याने गेम अडकत असेल तर लाइन आधीच गळ्यापर्यंत भरलेली आहे. घरात त्याच वेळी कोणी व्हिडिओ चढवत असेल, त्याला शोधा.

दुसऱ्या प्रश्नातली खूण ओळखीची आहे. दोघांनाच एकमेकांचं ऐकू येत नाही आणि बाकी सगळं ठीक, म्हणजे माइक शाबूत आहेत. दोघांचे राउटर एकमेकांना दारात उभं करत नाहीयेत. कन्सोलच्या नेटवर्क चाचणीत नॅट प्रकार बघा, म्हणजे राउटर बाहेरच्यांना कितपत आत घेतो ते. एक्सबॉक्सवर 'स्ट्रिक्ट' किंवा प्लेस्टेशनवर 'टाइप ३' आलं असेल तर तिथेच पाणी मुरतंय. राउटरमध्ये यूपीएनपी (कन्सोलसाठी आपोआप दार उघडणारी सोय) चालू करा, राउटर आणि कन्सोल दोन्ही बंद करून पुन्हा लावा. एकामागे एक दोन राउटर जोडले असतील तर राउटरचं काम एकालाच करू द्या. दोघांपैकी एकाचं दार उघडलं तरी बहुतेक वेळा भागतं.

माझे यजमान रात्री अकरानंतर खेळायला बसतात आणि किंचाळतात. शेजारच्या खोलीत मूल झोपलेलं. सांगायला गेले तर म्हणतात, 'मी हळूच बोलतोय!' — झोपमोड

ते खोटं बोलत नाहीयेत. त्यांना खरंच तसं वाटतंय.

आपण किती मोठ्याने बोलतोय ते आपण आपल्याच कानांनी मोजत असतो. कान बंद करणारा हेडसेट चढवला की स्वतःचा आवाज हवेतून पोचत नाही, वर कानात बंदुका वाजत असतात. मग घसा आपोआप चढतो. एत्येन लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे लिहून ठेवलं: भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज वाढवतो. आजही त्याला लोम्बार परिणाम म्हणतात. आमच्या स्टुडिओत गायकाच्या कानात त्याचाच आवाज थोडा सोडतात तो याचसाठी. हेडसेटमध्ये याच सोयीला साइडटोन किंवा माइक मॉनिटरिंग म्हणतात. त्यांच्या हेडसेटच्या किंवा कन्सोलच्या सेटिंगमध्ये हे शोधा आणि अर्ध्यावर आणा. सोय नसेल तर एक कान उघडा ठेवायचा, जुन्या उद्घोषकांसारखा. फरक पहिल्याच रात्री कळेल.

दुसरं, मित्राचं बोलणं ऐकू येईना म्हणून ते सगळाच आवाज वाढवत असतील. तसं करायचं नाही. गेमचा आवाज आणि चॅटचा आवाज यांचं प्रमाण ठरवणारी वेगळी पट्टी असते, तिच्यावर गेम खाली आणायचा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास इतकी मर्यादा सांगते. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. रोज रात्री तीन तास बसणाऱ्या माणसाला हा पाढा पाठ हवा.

मी अडखळत बोलतो. शब्द बाहेर पडेपर्यंत समोरचा मारून गेलेला असतो. माइक बंद ठेवला तर टीममधले 'माइक नाही? मग निघ' म्हणतात. मला गेम आवडतो. बोलणं आवडत नाही. — गप्प

मग बोलू नका. टीमला तुमचा आवाज नको असतो, माहिती हवी असते, आणि हे त्यांनाच धड ठाऊक नसतं.

बोलक्या खेळाडूंची माहिती कशी असते ते सांगते. 'तिकडे, तिकडे! अरे तिकडे!' कुठे तिकडे? दगडाजवळ. कुठला दगड? तोवर सगळे गार. फेब्रुवारी २०१९ मध्ये एपेक्स लेजंड्स हा गेम आला तेव्हा त्याच्या पिंग पद्धतीचं एवढं कौतुक झालं ते यामुळेच. एक बटण दाबलं की नेमक्या जागेवर खूण, अंतर किती ते आकड्यात, आणि तुमचं पात्र स्वतःच बोलतं: शत्रू इथे, हत्यार इथे, मी इकडे निघालो. दोनदा दाबलं की 'शत्रू'. चार वर्षांच्या मौनव्रतात मी पूर्ण सामने असे खेळले आणि जिंकलेही. अशी सोय नीट असलेले गेम निवडा. लॉबीत शिरताच एक ओळ टाइप करून ठेवा: 'माइक नाही, पिंग देतो.' निम्मी कटकट तिथेच संपते. उरलेली निम्मी म्यूट करा.

ऐकणं-बोलणं जमत नाही अशांसाठी लिहिलेलं यंत्राने वाचून दाखवायची आणि बोललेलं लिहून दाखवायची सोयही आता आहे. एक्सबॉक्सच्या पार्टीत ती २०२१ मध्ये आली. यामागे निव्वळ चांगुलपणा नाही. संवादाच्या सोयी अपंग व्यक्तींनाही वापरता याव्यात असा कायदा अमेरिकेत २०१० मध्ये झाला. गेमना त्यातून सवलत मिळत होती, ती २०१८ अखेर संपली.

आणि एक नाजूक उदाहरण. २०१२ मध्ये जर्नी नावाचा गेम आला. त्यात वाळवंटात एक अनोळखी सोबती भेटतो आणि दोघांनाही एक अक्षर बोलता येत नाही. फक्त सुरेल हाक मारता येते, लहान किंवा मोठी. मी त्यात एकाबरोबर शेवटपर्यंत चालत गेले. कोण होता, काय वयाचा, अडखळत बोलतो की घडाघडा, काही कळलं नाही. निरोपाला दोघं बराच वेळ हाका मारत उभे होतो.

(मौनात सगळे संत असतात असंही समजू नका. गाड्यांनी फुटबॉल खेळायच्या रॉकेट लीग गेममध्ये तयार वाक्यं बटणावर मिळतात. त्यातलं 'काय अडवलास!' हे कौतुकाचं वाक्य लोक तुमच्या हातून गोल सुटला की पाठवतात. तेही तीनदा.)

तुम्ही म्हणता अनोळखी लोकांत माइक बंद. मी रात्रपाळी करतो. घरी येतो तेव्हा माझ्या ओळखीचं सगळं जग झोपलेलं असतं. सहा वर्षांपूर्वी उघड्या लॉबीत एकाने विचारलं, 'या वेळेला जागा असणारा तू कोण?' तोही रात्रपाळीवालाच. त्या वर्षी मी फार वाईट अवस्थेत होतो. तुमचा सल्ला तेव्हा ऐकला असता तर तो माणूस मला भेटला नसता. — पहाटे चार

हे पत्र मी तीनदा वाचलं. वर 'ज्यांना घरी कोणी ऐकून घेत नाही असे लोक' म्हणून मी जे टोमणेवजा लिहिलंय, ते तुमचं पत्र आल्यावरही खोडलं नाही, कारण ते मला वाटतं. पण घरी ऐकणारं कोणी नसणं हा दोष नाही, हे मला कळायला हवं होतं.

आवाजाने माणसं जवळ येतात, याला आधार आहे. २००७ मध्ये दिमित्री विल्यम्स आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संगणकावरच्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट गेममधल्या गटांपैकी काहींना बोलायची सोय दिली, काहींना फक्त लिखाणावर ठेवलं. बोलणाऱ्यांत आपलेपणा आणि विश्वास जास्त दिसला. वकिली मुद्दा मांडायचा तर म्हणेन की ते आधीच एका गटातले लोक होते, रस्त्यावरचे परके नव्हेत. पण तुमच्यापुढे वकिली करायची इच्छा नाही. माझ्या पंखेवाल्यालाही मी पहिल्यांदा अनोळखी म्हणूनच ऐकलं होतं, हे मी सोयीस्कर विसरले होते.

काही गेम तर आवाजावरच बेतलेले आहेत. सी ऑफ थीव्ह्जमध्ये शेजारून जाणाऱ्या जहाजावरच्या लोकांचं बोलणं जवळ आलं की ऐकू येतं, लांब गेलं की विरतं, आणि लांबच्यांना हाक मारायची तर कर्णा उचलावा लागतो. तिथे माइक बंद ठेवणं म्हणजे बाजारात कानात बोळे घालून फिरणं. म्हणून माझं वाक्य बदलते: माइक बंद ठेवून आत शिरा, दोन मिनिटं ऐका, मग ठरवा.

आमचं सगळं बोलणं कंपन्या साठवतात का? — संशयी

वर सांगितलेल्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या तक्रारीच्या सोयी सरकत्या फितीसारख्या चालतात. नवं आत येतं, जुनं पुसलं जातं, आणि कोणी तक्रार केली तरच तुकडा कंपनीकडे जातो. फोर्टनाइटमध्येही शेवटची पाच मिनिटं अशीच राहतात. अठरा वर्षांखालचं कोणी चॅटमध्ये असेल तर ही सोय बंद करता येत नाही. मला कंपनीपेक्षा पार्टीतल्या त्या एकाची भीती जास्त वाटते, जो न सांगता सगळं थेट प्रक्षेपित करत असतो. खरं नाव, शाळा, कामाची जागा, घरी कधी कोणी नसतं: हे माइकवर नाही.

वय सदुसष्ट, निवृत्त. मुलगा दूर राहतो. फोनवर आमचं दोन मिनिटांत संपतं. गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत मात्र दर रविवारी दोन तास बोलतो. अडचण अशी की खेळ संपल्यावर तो पार्टीतून बाहेर पडायला विसरतो. गेल्या रविवारी त्याचं आणि सूनबाईंचं बोलणं ऐकू आलं. मला त्यांच्याकडे राहायला बोलवावं की नाही, हाच विषय. मी हेडसेट काढला, पण लगेच काढला असं म्हणता येणार नाही. त्याला सांगू का? — शर्यतीत नेहमी दुसरा

काका, सांगा. नाहीतर पुढच्या रविवारी दोन तास तुम्ही त्याच्या प्रत्येक वाक्यात ते शोधत बसाल.

त्याची चूक साधी आहे, आणि सगळे करतात. त्याचं कन्सोल प्लेस्टेशन ५ असेल तर त्याच्या कंट्रोलरमध्येच माइक असतो. हेडसेटची वायर काढून ठेवली की माणसाला वाटतं, झालं, आपण गप्प. पण कंट्रोलर टेबलावर पडल्यापडल्या ऐकत असतो. त्यावरच्या बटणाचा दिवाही उलटा आहे: नारिंगी दिवा पेटलेला असेल तर माइक बंद, विझलेला असेल तर चालू. लॉग इन करताना माइक बंदच असावा असंही सेटिंगमध्ये ठरवता येतं.

माझंही एकदा असं झालंय. शुक्रवारचा खेळ आटोपला, मी हेडसेट काढला आणि बहिणीला फोन लावला. त्या वर्षी घरात जे चाललं होतं ते सगळं तिला सांगितलं, रडले, आणि मग पडद्याकडे लक्ष गेलं तर पार्टी तशीच चालू. आत कोणी नव्हतं. पुढच्या शुक्रवारी, गेम सुरू व्हायच्या आधी, पंखेवाला म्हणाला, 'मागच्या वेळी तुझा माइक चालू राहिला होता. आम्ही लगेच बाहेर पडलो.' आणि पुढच्याच श्वासात, 'आज कुठला नकाशा घ्यायचा?' लगेच म्हणजे किती वेळाने, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

तुम्हाला 'लगेच' म्हणता येणार नाही, म्हणून म्हणू नका. रविवारी पार्टीत आलात की गाडी निवडायच्या आधी सांगून टाका, 'अरे, तुझा माइक चालू राहिला होता, मी थोडं ऐकलं.' दिवा कसा ओळखायचा ते त्याला नंतर समजावा.